शेंदुर्णीचं टेशन नव्या नकाशावर कुठे मांडणार?

खुले पत्र

प्रति,
पाचोरा-जामनेर-बोदवड ब्रॉडगेज मार्गाची आखणी आणि बांधणी करणारे अभियंते व अधिकारी यांस,

सादर नमस्कार.

मी शेंदुर्णीत राहते. शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. 1973 साली अकरावी झाले तेव्हा पुढच्या शिक्षणासाठी पाचोरा गाठावं लागायचं, म्हणून घरच्यांनी मला पीजेचा पास काढून दिला. कॉलेजची सगळी वर्षं आणि नंतर नोकरीतलीही बरीच वर्षं मी त्याच गाडीने अप-डाऊन केलं. तुमच्या कागदांत ती ‘पाचोरा-जामनेर नॅरोगेज सेक्शन, 56 किलोमीटर’ अशी असेल. आमच्याकडे दोन अक्षरं पुरायची. वरखेडीकडची माणसं विचारायची, ‘पीजे उनी का?’ जामनेरकडची विचारायची, ‘पीजे आली का?’ दोन बोलींच्या मधून ती रोज जायची आणि यायची.

ती मार्च 2020 मध्ये थांबली. टाळेबंदीत देशातल्या सगळ्याच प्रवासी गाड्या थांबल्या होत्या, म्हणून आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. बाकीच्या गाड्या एकेक करून परत सुरू झाल्या. चाळीसगाव-धुळे गाडी विजेवरची मेमू होऊन पुन्हा धावू लागली. पीजे मात्र आलीच नाही. शेवटची फेरी कोणत्या दिवशी झाली हेसुद्धा गावात कुणाला नक्की सांगता येत नाही, कारण ती शेवटची आहे हे तेव्हा कुणाला कळलंच नव्हतं. शंभर वर्षं चाललेली गाडी गेली आणि तिला निरोप द्यायला फलाटावर माणूस नव्हता. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता तुमच्या टेबलावर नव्या मार्गाचा नकाशा आहे. पाचोऱ्याहून जामनेर आणि तिथून पुढे बोदवड, सुमारे 84 किलोमीटर. हा मार्ग व्हावा ही आमचीच मागणी होती. पाचोऱ्यात लोक रस्त्यावर उतरले, निवेदनं दिली, सह्या गोळा केल्या. बोदवड भुसावळ-नागपूर लाईनवर आहे, त्यामुळे जामनेरच्या माणसाला उद्या विदर्भाकडे थेट जाता येईल. तेव्हा ब्रॉडगेजला विरोध म्हणून हे पत्र वाचू नका. छोटी लाईन गावांना इतकी लागून का गेली होती ते आधी समजून घ्या, आणि मगच स्टेशनांच्या जागा पक्क्या करा, एवढंच मला सांगायचं आहे.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1853 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेची पहिली गाडी मुंबईहून ठाण्याला गेली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत घाट ओलांडून रूळ आमच्या खान्देशातून भुसावळपर्यंत पोचले. त्याच सुमाराला, 1861 ते 1865, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला आजवर कुणी पाहिला नव्हता असा भाव आला. युद्ध संपलं, भाव उतरला, पण काळ्या रानात कपाशी ठाण मांडून बसली ती बसलीच. मेन लाईनवरच्या चाळीसगाव, पाचोरा, जळगाव या गावांची पेठ वाढली. आमचा भाग मात्र मेन लाईनपासून आत, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याकडे. इथला कापूस बैलगाड्यांनी पाचोऱ्याला किंवा जळगावला न्यायचा. ज्यांनी पावसाळा उतरल्यावर काळ्या मातीची वाट पाहिली आहे, त्यांना बैलांचे हाल वेगळे सांगायला नकोत.

1900 च्या सुमारास खान्देशात दोन नव्या लाईनी झाल्या. चाळीसगावहून धुळ्याला एक, आणि सुरतेकडून तापीच्या खोऱ्याने अमळनेरला येणारी दुसरी. दोन्ही मोठ्या गेजच्या. 1906 मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आमचा भाग पूर्व खान्देशात गेला. आमच्या वाट्याला रेल्वे आली ती पहिलं महायुद्ध संपता संपता, आणि आली ती छोट्या गेजची. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मेन लाईनचं 1676. अडीच फुटी रुळावर किती काम होऊ शकतं हे बार्शी लाईट रेल्वेने 1897 पासून दाखवून दिलं होतं. कमी पैशात आतल्या पेठा मेन लाईनला जोडायच्या तर हाच मार्ग होता.

अभियंत्यांना हे मी सांगायची गरज नाही, पण पत्र गावातलेही वाचतील म्हणून लिहिते. छोट्या लाईनीचा स्वस्तपणा लोखंडात असतो, तसा तो वळणातही असतो. छोटी गाडी मोठ्या गाडीपेक्षा कितीतरी आखूड वळण घेऊ शकते. टेकाड आडवं आलं तर ती त्याला वळसा घालते, नाला आला तर तो जिथे अरुंद असेल तिथे ओलांडते. भराव कमी, पूल लहान, जमीनही कमी. आणि ज्या गुणामुळे ती टेकाडाला वळसा घालू शकली, त्याच गुणामुळे ती गावाकडे वळू शकली. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. नकाशा काढून बघा, पाचोऱ्याहून निघालेली रेघ पूर्वेला जाते आणि मग वर उत्तरेकडे वळते. ज्यांनी ती आखली त्यांना कापूस हवा होता, माणसांची माया होती म्हणून त्यांनी रूळ वळवला असं मी म्हणणार नाही. पण कापूस गावात होता, त्यामुळे रूळ गावाकडे आला आणि त्यापाठोपाठ शाळा, दवाखाना, बाजार सगळं आमच्या आवाक्यात आलं.

आमचे आजोबा पाचोऱ्याच्या यार्डात हमाल होते. दोन गेज जिथे भेटतात तिथे काय होतं हे मला पुस्तकातून नव्हे, त्यांच्या खांद्यावरून कळलं. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चालत नाही. म्हणून पीजेने आलेला सगळा माल छोट्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, उतरवायचा आणि मोठ्या वाघिणीत भरायचा. कापसाची दाबलेली गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास असायची. ती एकट्याने उचलायची गोष्टच नव्हती. चार जण लागायचे, आकड्याने ओढायची, फळीवरून लोटायची, आणि एकाचा तोल गेला की बाकी तिघांचे पाय गेले. आजोबांच्या उजव्या खांद्यावर हाताला लागावा असा घट्टा होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचे आणि ते म्हणायचे, ‘हे पाचोऱ्याचं टेशन आहे.’ नव्या मार्गावर एकच गेज असेल, माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकावा लागणार नाही. याचा मला खरोखर आनंद आहे. पण पाचोऱ्याच्या यार्डात ज्या पट्ट्यावर दोन गेज शेजारी शेजारी उभे राहायचे, तो पट्टा सपाट करण्याआधी कुणीतरी त्याचं मोजमाप घेऊन ठेवावं, छायाचित्रं काढावीत. शेकडो माणसांचं आयुष्य त्या चार पावलांच्या अंतरात गेलं आहे.

माझ्या वेळेपर्यंत माल कमी झाला होता आणि माणसं वाढली होती. कोळशाचं इंजिन होतं. डोळ्यांत कण जायचे, म्हणून आम्ही मुली इंजिनाकडे पाठ करून बसायचो. पाचोऱ्याला जायला तास-सव्वा तास, आणि पाचोरा ते जामनेर अख्खी वाट दोन तासांहून जास्त. हळू होती, हे खरंच. पण तिच्या हळूपणात आम्हाला जागा मिळाली. माझी माय आठवड्यातून दोनदा पहाटे टोपलीत भरताची वांगी आणि लिंबं भरून पाचोऱ्याला न्यायची. एसटीच्या कंडक्टरला टोपली नको असायची. पीजेत टोपलीला कुणी नाही म्हटलं नाही. तिच्यासारख्या आठ-दहा बाया एका डब्यात दाराजवळ खाली बसायच्या. भाव काय निघेल, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला, हे सगळं त्या दाराजवळ बोललं जायचं. वरखेडीच्या गुरांच्या बाजाराला निघालेले शेतकरी वेगळे बसायचे, त्यांच्या डब्यात विडीचा धूर आणि बैलांच्या दातांच्या गोष्टी.

मुलींच्या शिक्षणाचं तर मी ठामपणे सांगू शकते. आमच्या गल्लीत माझ्याआधी एकही मुलगी गावाबाहेर शिकायला गेली नव्हती. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांना भीती होती, लोक काय म्हणतील याचीही आणि खरोखरच काही होईल याचीही. माझ्या मामाने त्यांना समजावलं, तेव्हा आप्पा शेवटी म्हणाले, ‘बसनं नको. पीजेनं जाऊ दे. पीजेत आख्खं गाव बसेल राहतं.’ त्या एका वाक्यावर मी पदवीधर झाले. स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर होतं म्हणून ते वाक्य शक्य झालं. तेच स्टेशन तीन किलोमीटरवर रानात असतं, तर थंडीत पहाटे अंधारात मला तिथवर कुणी सोडलं असतं? कोणत्या मुलीला तीन किलोमीटर रानातून एकटीने चालत जाऊ दिलं असतं? आजही देतील का?

हा प्रश्न मी तुम्हाला अगदी मनापासून विचारते आहे. कारण ब्रॉडगेजला मोठी वळणं लागतात, वेग हवा असतो, जमीन जिथे मोकळी तिथून रेघ सरळ न्यावी लागते. यात तुमचा दोष नाही, रुळाचा तो धर्मच आहे. पण सरळ रेघेवर स्टेशन कुठे ठेवायचं हा निर्णय रूळ घेत नाही, माणसं घेतात. नवं स्टेशन गावाबाहेर गेलंच, तर तिथपर्यंत दिवे असलेली, चालता येईल अशी पक्की वाट स्टेशनाबरोबरच व्हावी, नंतर कधीतरी नव्हे. आणि वरखेडी किंवा भागदऱ्यासारख्या ठिकाणी उत्पन्न किती निघेल असा हिशेब करून थांबा वगळू नका. गाडी चालू होती तेव्हाच्या गावाचा हिशेब आजच्या आकड्यात सापडायचा नाही, कारण लोकांनी सवयी बदलल्या, शिक्षण सोडलं, बाजार बदलले. जे येत नाहीत त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नसते.

मला आमचं स्टेशन जसं होतं तसं लिहून ठेवायचं आहे. एक बसकी इमारत. तिकिटाची खिडकी इतकी लहान की आतल्या बाबूचे फक्त हात दिसायचे. जाड पुठ्ठ्याचं लहानसं तिकीट, त्यावर तारखेचा ठसा उमटवणारं यंत्र, आणि त्याचा खट् असा आवाज. बाहेर टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर ठोका पडला की गाडी सुटायची वेळ झाली. गावात घड्याळं कमी होती. शेतातल्या बाया शिट्टीवर भाकरी सोडायला बसायच्या, माझी आजी शिट्टी ऐकून औषधाची गोळी घ्यायची. फलाटाच्या टोकाला एक कडुलिंब. स्टेशनमास्तर बदलून यायचे, बरेच दूरचे असायचे. सुरुवातीला आमची बोली त्यांना कळायची नाही, आणि बदली होऊन जाताना त्यांची बायको डोळ्याला पदर लावायची. त्यांच्या घरी पहिल्यांदा इडली खाल्ली, आणि त्यांना आम्ही कळण्याची भाकरी आणि भरीत दिलं. रेल्वेने गावात आणलेल्या मालात हेही धरा.

परीक्षेच्या दिवसांतला एक प्रसंग सांगते. रात्रभर अभ्यास करून पहाटे डोळा लागला आणि उशीर झाला. मी वाट सोडून शेतातून पळत सुटले. गाडी उभी होती, ठोका पडून गेला होता. गार्डने मला लांबून पाहिलं असावं. त्यांनी वर केलेली हिरवी झेंडी खाली घेतली, मी डब्यात चढले, मग झेंडी पुन्हा वर गेली. अर्धं मिनिट. ते मला काही बोलले नाहीत, मीही त्यांचे आभार मानले नाहीत, दम लागला होता. पुढे शिक्षिका झाल्यावर वर्गात उशिरा येणाऱ्या पोरांना मी कधी दाराबाहेर उभं केलं नाही.

आणि कार्तिकातला त्रिविक्रमाचा रथोत्सव. शेंदुर्णीला खान्देशचं प्रतिपंढरपूर म्हणतात हे तुम्ही ऐकलं असेल. त्या दिवसांत पीजेच्या डब्यांत मावतील त्याहून जास्त माणसं टपावर असायची. हे धोक्याचं होतं आणि मी त्याचं कौतुक करत नाही. पण टाळ-मृदंगाचा आवाज आधी आणि गाडी मागून, असं ते येणं ज्यांनी पाहिलं त्यांना नव्या स्टेशनावर फलाट किती लांब हवा हे वेगळं समजवावं लागणार नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. माल ट्रकने जाऊ लागला. काळ्या-पिवळ्या जीपा आल्या, मग घरोघरी मोटारसायकली. डिझेल इंजिन आलं, पण रूळ जुनेच. 1992 पासून रेल्वेने देशभर एकच गेज करायचं धोरण हाती घेतलं आणि छोट्या लाईनी एकेक करून मोठ्या झाल्या किंवा बंद पडल्या. आमची राहिली, डागडुजी करत राहिली. तोटा होत होता हे मी मान्य करते. पन्नासेक किलोमीटरला दोन तास घेणारी गाडी आजच्या काळात चालवणं सोपं नाही, हेही.

तरीही ती कुणाची होती ते 2021-22 च्या हिवाळ्यात दिसलं. एसटी कर्मचाऱ्यांचा संप कित्येक महिने चालला. बस नाही, आणि पीजे तर आधीच बंद. माझी एक जुनी विद्यार्थिनी पाचोऱ्याला एका दुकानात कामाला जायची. तिने जीपचं भाडं परवडेना म्हणून नोकरी सोडली. तिच्यासारख्या आणखी दोघी मला ठाऊक आहेत. पीजेचं तिकीट एसटीहून कितीतरी स्वस्त होतं. मोटारसायकल घरातल्या पुरुषाकडे असते, आणि पुरुष ती घेऊन शेतात जातो. गावात गाड्या वाढल्या म्हणून रेल्वेची गरज संपली असं जे म्हणतात, त्यांनी या तिघींना विचारायला हवं होतं.

आता जुन्या कागदांविषयी. याबद्दल मला जास्त काळजी आहे, कारण रूळ उशिरा का होईना पडतील, कागद एकदा गेले की गेले.

दोन वर्षांपूर्वी एका रद्दीच्या दुकानात मला स्टेशनातली जुनी रजिस्टरं दिसली. कुठलं स्टेशन, कुठलं दुकान ते लिहीत नाही. मला कुणावर बोट ठेवायचं नाही, ती तिथे कशी पोचली हेही मला माहीत नाही. त्यातल्या एका पानावर शाईने लिहिलेली एका दिवसाची नोंद होती. गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली, उशीर का झाला. कारणाच्या रकान्यात एक शब्द होता: ‘गुरे’. रुळावर गुरं आली होती. मी ते पान कितीतरी वेळ बघत उभी राहिले. शंभर वर्षांत कोणत्या महिन्यात किती कापूस गेला, दुष्काळात किती माणसं कामाच्या शोधात गाव सोडून गेली, यात्रेला किती तिकिटं खपली, कोणत्या साली पुराने किती दिवस गाडी अडली, हे सगळं अशा पानांत आहे. या भागाचा इतका बारीक इतिहास दुसरीकडे कुठेच लिहिलेला नाही. आमच्या नगरपंचायतीतही नाही.

केंद्र सरकारचा 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. 25 वर्षांहून जुन्या सरकारी अभिलेखांचं मूल्यमापन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सल्ल्याने करून कायम जपण्यासारखे वेगळे काढायचे, असं त्यात म्हटलं आहे. रेल्वे केंद्र सरकारचीच. म्हणून माझी विनंती अशी: पाचोरा ते जामनेर मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनात, गोदामात, कपाटात जे काही उरलं आहे, ते कंत्राटदाराच्या हातात इमारत जाण्यापूर्वी एकत्र करा आणि यादी करा. ती यादी लोकांना बघू द्या. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. तिथले इतिहासाचे विद्यार्थी हे काम आवडीने करतील, फक्त त्यांना दार उघडून द्यायला हवं. निवृत्त गार्ड, ड्रायव्हर, पॉइंट्समन, गँगमन यांच्यातले अजून काही जण पाचोरा, भुसावळ, जामनेरला आहेत. त्यांच्याशी बोलायला उशीर करू नका. मागच्या वर्षी आमच्याकडचे एक म्हातारे गँगमन वारले. कोणत्या पुलाखाली पावसाळ्यात माती सरकते, कोणत्या वळणावर दरवर्षी रूळ चढतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. तुमच्याही कामाची माहिती होती ती.

डब्यांचं काय करायचं हे ठरवतानाही एक विनंती. नागपूरला 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, चांगलं आहे, मी नातवंडांना घेऊन गेले होते. पण पीजेचं सगळं तिकडे किंवा दिल्लीला पाठवू नका. एक डबा, शंभर फूट रूळ, एक सिग्नल आणि तिन्ही भाषांतली नावाची एक पाटी एवढं तरी इथल्या जमिनीवर राहू द्या. पहूर त्यासाठी योग्य आहे. जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता पहूरवरून जातो, लेणी तिथून फार लांब नाहीत, आणि जगभरातली माणसं त्या रस्त्याने जातात. अजिंठ्याजवळून जाणारा जालना-जळगाव हा 174 किलोमीटरचा मार्गही 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला आहे. म्हणजे या भागात आता रेल्वेचं मोठं काम होणार. इतक्या मोठ्या कामात एका जुन्या डब्याला सावली देणं जड जाऊ नये.

नेरळ-माथेरानची छोटी गाडी आजही चालते, कारण ती जपायची असं लोकांनी आणि रेल्वेने मिळून ठरवलं. आमच्याकडे थंड हवेचं ठिकाण नव्हतं, कपाशीचं रान होतं आणि कामाला जाणारी माणसं होती. पीजे कुणी पाहायला येत नसे, तिच्यात फक्त बसत असत. म्हणून ती जपण्यासारखी कुणाला वाटली नसावी.

स्टेशनांची नावंही बदलू नका, एवढं ओघात सांगून ठेवते. नव्या जागेला नवं नाव द्यायचा मोह होतो. शेंदुर्णीचं शेंदुर्णीच राहू द्या, भागदऱ्याचं भागदराच.

परवा संध्याकाळी मी स्टेशनापर्यंत चालत गेले. दहा मिनिटं लागायची, आता मला वीस लागतात. फलाटाच्या कडेने बाभळी वाढल्या आहेत, खिडकीला पत्रा ठोकला आहे. कडुलिंब अजून आहे. त्याच्या बुंध्याला दोरीचा जुना वळ आहे, कुणी तरी वर्षानुवर्षं तिथे शेळी बांधत असे. नव्या कामात हे झाड वाचवता आलं तर वाचवा. नाहीच जमलं, तर पाडायच्या आधी गावाला दोन दिवस कळवा. मार्च 2020 सारखं पुन्हा नको.

माझ्याकडे पत्र्याच्या एका डब्यात पीजेचे तेवीस पास आणि पुठ्ठ्याची काही तिकिटं आहेत. रद्दीतून विकत घेतलेली ती दोन रजिस्टरंही आहेत. ती तुमची आहेत, मी नीट गुंडाळून ठेवली आहेत. तुमचं मोजणीचं पथक शेंदुर्णीत येईल तेव्हा कुणालाही विचारा, रेल्वेवाल्या बाई कुठे राहतात ते सांगतील. सकाळी मी देवळात असते, अकरानंतर घरी. जुना रूळ कुठून कसा वळायचा, गाव स्टेशनला कुठल्या वाटेने यायचं, पाऊस पडल्यावर कुठे पाणी साचायचं, हे मी तुमच्याबरोबर चालत येऊन दाखवीन.

कळावे,

आपली,
पीजेची एक पासधारक
शेंदुर्णी, तालुका जामनेर, जिल्हा जळगाव